शिंपल्यांची खिडकी

फोंडा तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या घराला दर्शनी बाजूस सहा खिडक्या होत्या. आता चार उरल्या आहेत. त्यांतल्या एकीची झडप २०२१च्या पावसाळ्यात वरच्या बिजागरीतून निखळून लोंबू लागली आणि मामाचा फोन आला. "कंत्राटदार म्हणतो, चारही काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या लावू. दोन दिवसांचं काम. पण तू ते जुनंपुराणं वाचत असतेस, तुला विचारल्याशिवाय हात लावू नका, असं तुझी मामी म्हणते." मामाचा स्वतःचा कल कुठे होता, ते आवाजावरून कळतच होते.

गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात. शब्द पोर्तुगीज. सुताराला मेस्त म्हणतात, तोही पोर्तुगीजच, आणि आपण घाटावर ज्याला मिस्त्री म्हणतो तो त्याचाच भाऊ. शब्द समुद्रापलीकडून आले, पण खिडकीतले सामान जवळपासचेच. झडपा सागाच्या, चौकट मत्तीची (मत्ती म्हणजे आपला ऐन), आणि तावदाने खाडीतल्या कालवांच्या शिंपल्यांची.

ज्यांनी अशी खिडकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. झडपेच्या चौकटीत दोन-अडीच इंचांवर उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला दोन्ही अंगांनी बारीक खाच. शिंपले चौकोनी कातरून या खाचांतून वरून एकामागून एक खाली सोडायचे. वरचा शिंपला खालच्यावर थोडा चढतो, कौलांसारखा, त्यामुळे पाणी बाहेरच्या बाहेर निथळते. खिळा नाही, सरस नाही. एखादा फुटला तर वरची पट्टी काढून ती ओळ मोकळी करायची आणि नवा सोडायचा. इंडो-पोर्तुगीज भाषेत या शिंपल्याला कारेपा म्हणत. मूळ पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ कातडीवरची खपली, कोंडा. नाव ठेवणाऱ्याने झडप जवळून पाहिली असावी.

फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी मालदीवजवळ जहाज फुटल्यावर बरीच वर्षे अडकून पडला आणि १६०८ साली आजारी कैदी म्हणून गोव्याला पोचला. इथल्या घरांत काचेऐवजी कालवांचे पातळ, गुळगुळीत शिंपले लाकडी चौकटीत बसवतात, ते काचेइतके पारदर्शक नसले तरी त्यांतून उजेड येतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या सूरात थोडे कौतुक आहे आणि थोडी तडजोडीची जाणीव. नंतरच्या बहुतेक लेखकांनी त्यातली तडजोडच तेवढी उचलली. काच महाग होती, युरोपातून येताना फुटायची, म्हणून बिचाऱ्यांनी शिंपले लावले, हे पालुपद पर्यटकांसाठीच्या पुस्तकांतून आजही ऐकू येते.

मला ते पटत नाही. जॉन हेन्री ग्रोस १७५० साली मुंबईत आला. तिथल्या इंग्रजांच्या घरांनाही तेव्हा शिंपल्यांचीच तावदाने होती. त्याने त्यांचा गुण नेमका हेरला: पुरेसा उजेड आत येतो, उन्हाची तिरीप बाहेरच राहते आणि खोलीला एक गारवा असल्यासारखे वाटते. हे गरिबाने काचेची तहान ताकावर भागवल्याचे वर्णन नव्हे. ज्याला मे महिन्यातल्या दुपारी पश्चिमेच्या खोलीत बसून हिशेब लिहायचा आहे, त्या माणसाने केलेली ही निवड आहे. आमच्या खिडकीत तर मधल्या दोन घरांत काच आहे आणि भोवती सगळे शिंपले. म्हणजे काच मिळत असतानाही कोणीतरी ठरवले, की बाहेर डोकावण्यापुरती काच बास, उजेडासाठी शिंपलेच हवेत. माझी आजी याच खिडकीशी बसून दुपारी पोथी वाचायची. बाहेरच्याला ती दिसत नसे आणि तिला अक्षर स्वच्छ दिसे.

हा शिंपला ज्याचा, ते कालव उथळ, शांत खाड्यांच्या चिखलात आडवे पडून राहते. तळहाताएवढे, जवळजवळ पूर्ण चपटे. लिनिअसने त्याच्या नावात प्लासेंटा हा शब्द घातला; लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चपटी भाजलेली पोळी. फिलिपिन्समध्येही स्पॅनिश काळातल्या घरांना हीच तावदाने आहेत. शिंपल्याचा ९९ टक्के भाग कॅल्साइट, म्हणजे खडूच्याच जातीचे खनिज. ते अतिशय पातळ थरांत एकावर एक रचलेले असते आणि थरांच्या मध्ये नावापुरता सेंद्रिय पदार्थ. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की या शिंपल्यातून सुमारे ८० टक्के दृश्य प्रकाश आरपार जातो, आणि घाव बसला तर त्याचा जोर हे थर आसपासच जिरवतात. काच तडकते तसा तडा सरसर पसरत जात नाही.

कॅल्साइटचे रसायन मात्र मला एमआयटीने नव्हे, लिंबाने शिकवले. झडप खाली उतरवली तेव्हा शिंपल्यांवर काळपट बुरशी होती. मेस्त चहाला गेला असताना मी उत्साहाने लिंबाची फोड घेऊन एक ओळ घासली. बारीक फेस आला, आणि मला वाटले मळ सुटतो आहे. सुटत होता तो शिंपलाच. अकरा तावदाने खरबरीत, आंधळी होऊन गेली. मेस्त परत आला, त्याने पाहिले आणि इतकेच म्हणाला, "बाय, साबणाचं पाणी असतं. आणि दात घासायचा जुना ब्रश."

मेस्त सत्तरीचा. कंत्राटदाराने झडप कुजली म्हणून निकालात काढली होती. याने ती पडवीत दोन दिवस नुसती वाळू दिली आणि मग पटाशीच्या टोकाने जागोजागी टोचून पाहिली. कुजला होता तो फक्त खालच्या आडव्या पट्टीचा डावा कोपरा, वीतभर. कारणही त्याने दाखवले. खालच्या खाचेला पाणी जायला तळाशी दोन बारीक भोके ठेवलेली होती. कधीतरी कोणीतरी झडपेला हिरवा ऑइल पेंट फासला, त्याआधी पांढरा, आणि भेगांत लांबी भरली. त्यात भोके बुजली. तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी खाचेत साचत आले होते. रंगाचे चार थर खरवडायला जेवढा वेळ लागला तेवढा बाकी कशालाच लागला नाही.

कुजका भाग तिरका कापून त्याने जुन्याच सागाचा तुकडा जोडला. नवे लाकूड मिळत होते, पण ते अजून आकसणार, जुन्याचे आकसणे होऊन गेलेले असते, असे त्याचे म्हणणे. तुकड्याचे रेषे मूळ पट्टीच्या दिशेनेच जातील असे पाहिले, कुसू बसवला, वरून जवसाचे तेल. मग शिंपले. ज्यांचा उघडा भाग उन्हापावसाने खडूसारखा झाला होता, पण वरच्या शिंपल्याखाली दडलेला भाग शाबूत होता, ते त्याने नुसते उलटे फिरवून घातले. झाकलेले टोक उघड्यावर आले, झिजलेले आत गेले. इतकी सोपी युक्ती मी कुठल्याही ग्रंथात वाचलेली नव्हती.

तरीही दोन्ही झडपा मिळून ७४ शिंपले कमी पडत होते. त्यांत माझे अकरा.

इथे इतिहास संपतो आणि कायदा सुरू होतो. जुवारीच्या मुखाशी चिखलीच्या उपसागरात ही कालवे अजून आहेत. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे, ती काढणे गुन्हा आहे, आणि असावाच. खाडीतल्या गाळाने, बांधकामांनी त्यांची आधीच कोंडी केली आहे. म्हणजे जुनी खिडकी दुरुस्त करायची तर दुसरी एखादी जुनी खिडकी मोडलेली असावी लागते. फुटला की खाडीतून आणून बदल, या हिशेबावर उभी असलेली रचना आता दुसऱ्याच्या पडझडीवर जगते. मेस्ताकडे पाडलेल्या घरांतले शिंपले पूर्वी पोत्याने असत. ते संपले होते.

आमच्या घराच्या नाहीशा झालेल्या दोन खिडक्या मामाच्या चुलतभावाच्या वाटणीत गेल्या होत्या. १९९४ साली त्याने आपला भाग विकला, तो पाडला गेला, तिथे इमारत उभी राहिली. त्या दिवसापासून दोघे बोलत नव्हते. झडपा मात्र त्याने जाताना मडगावला नेल्या होत्या, हे मामीला ठाऊक होते. मामी अशा गोष्टी बरोबर लक्षात ठेवते. चार दिवस मामा म्हणत राहिला, की अ‍ॅल्युमिनियम काही इतके वाईट दिसत नाही. पाचव्या दिवशी त्याने फोन केला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. तीन मिनिटांत आटोपले.

रविवारी अण्णामामा टेंपोत पुढे बसून आले. मागे जुन्या चादरीत गुंडाळलेली एक झडप. दुसरी वाळवीने खाल्ली, म्हणाले. पैशांचा विषय मामाने काढला तेव्हा त्यांनी अंगणातल्या माडाकडे पाहत विचारले, "हा अजून धरतो का रे?"

त्या झडपेतून धड शिंपले निघाले १२१. सत्तावीस वर्षे चादरीत राहिल्याने ते आमच्या शिंपल्यांपेक्षा पांढरे आहेत. आमचे मधाळ झाले आहेत. मेस्ताने ते एका जागी न घालता विखरून घातले, पण दुपारी ऊन आले की लगेच ओळखू येतात. दिवाळीला अण्णामामा आले तेव्हा आजीच्या जागी बसून त्यांनी ते मोजले. चौऱ्याहत्तर भरले. "आणि बाकीचे सत्तेचाळीस?" त्यांनी विचारले. मामीने आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दाखवला. शिंपले वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले आहेत. उरलेल्या तीन खिडक्यांचे काम पुढच्या उन्हाळ्यात करू, असे मेस्त म्हणतो, गुडघ्याने साथ दिली तर.