आणेवारीकडून नमुना-पाहणीकडे

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील केंदूर-जातेगावच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पिकाचा अंदाज दीर्घकाळ आणेवारीने, म्हणजे उभे पीक नजरेने पाहून ते किती आणे उतरले हे ठरवून, बांधला जाई. शेतसाऱ्याची सूट वा तहकुबी त्यावरच अवलंबून असल्याने अंदाजातील चूक थेट शेतकऱ्याच्या पदरी पडे. १९२१ मध्ये कृषितज्ज्ञ डॉ. हॅरल्ड मान आणि एन. व्ही. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुकची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा जमिनीचे तुकडे, कर्ज आणि कुटुंबाचे उत्पन्न आकड्यांत मांडले गेले. मात्र अशी तपशीलवार मोजणी गावोगावी करणे अशक्यच होते.

ही अडचण गणिताने सोडवली. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि १९३६ मध्ये लंडनहून डॉक्टरेट मिळवलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी, वि. गो. पानसे यांच्यासह, पीककापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुन्याचा, म्हणजे प्रत्येक घटकाला निवडीची ज्ञात संधी देणाऱ्या पद्धतीचा, भक्कम पाया दिला. आधी गाव, मग शेत आणि शेवटी शेतातील जागा चिठ्ठीसारखी निवडली जाते, दोरीने आयत आखला जातो, आतील कणसे कापून, मळून धान्य तोलले जाते; त्यामुळे सरासरीबरोबरच तिच्यातील संभाव्य चूकही सांगता येते, आणि आणेवारीला नेमके हेच कधी साधले नव्हते.

१९५३ मध्ये पुणे विद्यापीठात वि. शं. हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली गणित व संख्याशास्त्र विभाग उभा राहिल्यावर नमुना-पाहणीमागील या विद्येच्या उच्च शिक्षणाची सोय पुणे जिल्ह्यातच झाली.