जुन्या मोटारसायकलचे इंजिन बांधताना : क्रँकची बेअरिंग कशी निवडावीत?

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. तेथे तयार झालेल्या येझदी मोटारसायकली मात्र हौशी मालकांनी आजही जपल्या आहेत. अशा गाड्यांचे अनेक सुटे भाग मिळवताना मालकांची दमछाक होते. त्याला सुखद अपवाद क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या मुख्य बेअरिंगचा. बहुतेक जुन्या इंजिनांत ही बेअरिंग आंतरराष्ट्रीय प्रमाण मापांची असतात. त्यामुळे गाडीची कंपनी उरली नाही तरी बेअरिंग बाजारात मिळते. अडचण येते ती निवडीत. माप जुळले की बेअरिंग जुळले, असे समजून बसवलेले बेअरिंग काही हजार किलोमीटरमध्येच घरघरू लागते आणि सगळे इंजिन पुन्हा उघडावे लागते. बेअरिंगच्या किमतीपेक्षा या दुसऱ्या मजुरीचा फटका कितीतरी मोठा असतो.

क्रमांक काय सांगतो?

बेअरिंगच्या रिंगवर कोरलेला क्रमांक ही त्याची ओळख. उदाहरणार्थ ६३०५. यातील ६ हा आकडा एकेरी ओळीच्या खोल खाचेच्या बॉल बेअरिंगचा, ३ हा मध्यम मालिकेचा. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास मिळतो, म्हणजे २५ मिलिमीटर. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ आणि रुंदी १७ मिलिमीटर असते. ६२०५ चे छिद्रही २५ मिलिमीटरचेच, पण बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर.

एवढी माहिती दुकानदारालाही पाठ असते. घोटाळा होतो तो आकड्यांच्या मागेपुढे असलेल्या अक्षरांत. जुने बेअरिंग फेकून देण्यापूर्वी त्याच्यावरील प्रत्येक अक्षर टिपून घ्यावे. मात्र पूर्वी कोणी तरी चुकीचे बेअरिंग बसवलेले असण्याची शक्यता असते. म्हणून ही नोंद कंपनीच्या मूळ पार्ट्स कॅटलॉगशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

मोकळीक महत्त्वाची

या अक्षरांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘सी३’. छर्रे आणि रिंग यांच्यामध्ये जी सूक्ष्म मोकळीक ठेवलेली असते, ती त्यातून कळते. २५ मिलिमीटर छिद्राच्या सर्वसाधारण बॉल बेअरिंगमध्ये ती ५ ते २० मायक्रॉन असते, तर सी३ मध्ये १३ ते २८ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

इतका बारीक फरकही इंजिनात निर्णायक ठरतो. क्रँकवर घट्ट बसवताना आतली रिंग किंचित फुगते आणि क्रँककेसमध्ये दाबून बसवताना बाहेरची रिंग किंचित आवळली जाते. इंजिन तापले की आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा अधिक प्रसरण पावते. या सगळ्यात साध्या बेअरिंगची मोकळीक संपून छर्रे जखडले जाऊ शकतात. म्हणूनच अनेक इंजिनांत कंपनीनेच सी३ सुचवलेले असते. ‘जास्त मोकळीक म्हणजे जास्त सुरक्षित’ हे मात्र खरे नव्हे. गरजेपेक्षा सैल बेअरिंगमुळे क्रँकची थरथर आणि आवाज दोन्ही वाढतात.

केज, सील आणि खाच

छर्ऱ्यांमधील अंतर राखणारी केज पत्र्याची, पितळेची किंवा पॉलिअमाइडची असते. सर्वसाधारण पॉलिअमाइड केजची मर्यादा सुमारे १२० अंश सेल्सिअस आहे. काही आधुनिक इंजिनांत ती मूळचीच असते. पण जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पत्र्याची केज असल्यास तशीच केज घेणे श्रेयस्कर. क्रँकच्या बेअरिंगला इंजिनातील ऑइल किंवा टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमिश्रित ऑइल मिळत असते. तेथे ग्रीस भरलेले दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंग बसवल्यास ऑइलची वाट अडते. काही बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर सर्कलिपसाठी खाच किंवा पिनसाठी छिद्र असते. तेथे साधे बेअरिंग चालत नाही.

बॉलच्या जागी रोलर?

त्याच मापाचे आधुनिक रोलर बेअरिंग बॉल बेअरिंगच्या साधारण दुप्पट भार पेलते. त्यामुळे ‘दोन्हीकडे रोलर टाकून इंजिन मजबूत करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण बॉल बेअरिंग क्रँकला आडवे सरकण्यापासूनही रोखते. ‘एनयू’ प्रकारच्या रोलर बेअरिंगमध्ये आतल्या रिंगला कडा नसल्याने ही अडवणूक होत नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या क्रँकला बॉल आणि रोलर अशी दोन्ही बेअरिंग दिलेली असतात, ती या वेगवेगळ्या कामांसाठीच.

अशा बदलाचा फटका खुद्द उत्पादकांनाही बसला आहे. ब्रिटनच्या नॉर्टन कंपनीने १९७२ मध्ये ७५० सीसीच्या कमांडोसाठी ६५ अश्वशक्तीचे ‘कॉम्बॅट’ इंजिन आणले. आधीच्या इंजिनात एका बाजूला बॉल आणि दुसऱ्या बाजूला रोलर बेअरिंग होते. वाढीव शक्ती पेलावी म्हणून कॉम्बॅटमध्ये दोन्हीकडे रोलर दिले गेले. वेगात क्रँक किंचित वाकत असे आणि सरळ रोलरच्या कडा रिंगमध्ये रुतत. बेअरिंग झपाट्याने निकामी होऊ लागली, काही क्रँकही तुटले. कंपनी आधी जुन्या जोडीकडे वळली. त्याच वर्षाच्या अखेरीस कडेला किंचित निमुळते, पिंपाच्या आकाराचे रोलर असलेली ‘सुपरब्लेंड’ बेअरिंग आली, तेव्हा हा प्रश्न सुटला.

बसवताना घ्यायची काळजी

नवे बेअरिंग घेण्याआधी क्रँककेसमधील त्याचे घर मोजून घ्यावे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ६२ मिलिमीटर व्यासाच्या घरात तापमान ८० अंशांनी वाढले, तर या फरकामुळे सुमारे ०.०५ मिलिमीटरची पकड कमी होते. घर आधीच झिजले असेल, तर गरम इंजिनात बाहेरची रिंग घरातच फिरू लागते. घराच्या कडेला पंच मारून ते आवळण्याची पद्धत प्रचलित असली, तरी तो टिकाऊ उपाय नव्हे. चांगल्या लेथवर घर मोठे करून स्लीव्ह बसवणे हा खरा इलाज.

क्रँककेस ओव्हनमध्ये सुमारे १०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवली, तर थंड बेअरिंग सहसा हाताच्या जोराने घरात उतरते. ठोकावेच लागले, तर जोर बाहेरच्या रिंगवरच यावा. आतल्या रिंगवर घाव घातल्यास छर्ऱ्यांचे वळ खाचेत उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते.

बनावट मालापासून सावध

नामवंत कंपन्यांच्या नावाने बनावट बेअरिंग विकली जातात. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट असो वा पुण्यातील नाना पेठ, खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून करावी आणि पक्के बिल घ्यावे. फिकट कोरलेली अक्षरे, वेगवेगळ्या छपाईची खोकी आणि कमालीची कमी किंमत या धोक्याच्या खुणा आहेत. दुकानात जाताना पूर्ण क्रमांक, मोकळीक, केजचा प्रकार आणि खाच या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. त्यातील एकही जुळत नसेल, तर ‘चालून जाईल’ या आश्वासनावर विसंबण्यापेक्षा इंजिन आणखी आठवडाभर उघडे ठेवलेले बरे.