वाढते नगर आणि जुनी उद्याने

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या मध्यापासून वीसएक किलोमीटर अंतरावर, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन खेडी होती. १९७८ साली कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजे केओनिक्सने, तेथील ३३२ एकर जमिनीवर एक औद्योगिक वसाहत वसविण्यास आरंभ केला. महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. शेतांच्या आणि माळांच्या त्या प्रदेशात उद्याचे उद्योगनगर पाहण्यास दूरदृष्टीच हवी होती. पुढे त्या वसाहतीला इलेक्ट्रॉनिक सिटी हे नाव रूढ झाले आणि संगणकाच्या व्यवसायाने ते जगभर पोहोचविले. २०१० साली तेथवर सुमारे दहा किलोमीटरांचा उन्नत मार्ग झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोही धावू लागली.

वीज आली, रस्ता आला, आगगाडी आली. तथापि नगर म्हणजे केवळ कामाची आणि निजण्याची जागा नव्हे. दिवसभराचे काम आटोपल्यावर माणसाने चार पावले कोठे टाकावीत, मुलांनी कोठे खेळावे, वृद्धांनी कोणत्या झाडाखाली बसावे, हे प्रश्न प्रत्येक नगराला कधी ना कधी सोडवावे लागतात. नव्या नगरापुढे हे प्रश्न जागा मिळविण्याच्या रूपाने येतात. जुन्या नगरात त्यांचे रूप वेगळे असते. तेथे बाग असते, मैदान असते, क्रीडागार असते. परंतु ते थकलेले असते. ते दुरुस्त करावे की पाडून नवे बांधावे, हा विचार सुरू होतो. बंगळूरच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधता येतात, आणि ती एकमेकांशी जोडलेली आहेत.

मराठी माणसाला बंगळूर परके नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणे जिंकले, त्या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे ते त्यांच्याच जहागिरीत आले. केंपेगौडाने त्यापूर्वी शंभर वर्षे, १५३७ च्या सुमारास, येथे मातीचा किल्ला आणि पेठ वसविली होती. या भूमीला मोठी नदी नाही. म्हणून उतारावरचे पावसाचे पाणी बांध घालून अडवावे आणि एका तलावाचे भरलेले पाणी पुढच्या तलावात सोडावे, अशी येथील रीत. तलाव हे प्रथम पाण्याचे साधन. परंतु जेथे पाणी तेथे मळे, तेथे सावली, तेथेच जत्रा आणि उत्सव. करमणुकीसाठी वेगळी जागा राखण्याची त्या नगराला गरज पडली नाही. तलावाचा काठ हेच त्याचे उद्यान होते.

मुद्दाम लावलेले पहिले मोठे उद्यान म्हणजे लालबाग. हैदरअलीने १७६० मध्ये तिचा पाया घातला, टिपूने दूरदूरची रोपे आणवून ती वाढविली. १८५६ साली ती सरकारी वनस्पती-उद्यान झाली. राजाची बाग प्रजेची झाली ती त्यानंतर. जॉन कॅमेरॉन हा अधीक्षक असताना, १८८९ साली, बागेतील सुप्रसिद्ध काचगृहाची कोनशिला बसली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून बिडाच्या खांबांचे आणि काचेचे हे गृह उभे राहिले, आणि फुलांची प्रदर्शने तेथे भरू लागली.

या काचगृहाच्या आयुष्यातील एक योगायोग विचार करण्याजोगा आहे. १९३५ साली, सर मिर्झा इस्माईल म्हैसूरचे दिवाण असताना, त्याचा विस्तार झाला. त्यासाठी पोलाद आले ते म्हैसूर संस्थानाच्याच भद्रावती कारखान्यातून. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या नोव्हेंबरात, लंडनचा मूळ क्रिस्टल पॅलेस एका रात्रीत जळून गेला. मूळ गेले, प्रतिकृती राहिली. जगण्याचे कारण शोधावयाचे तर ते काचगृहाच्या घडणीतच सापडते. ही वास्तू सुट्या भागांची आहे. तडकलेली काच काढून दुसरी बसविता येते, गंजलेली पट्टी बदलता येते, सांधा पुन्हा रंगविता येतो. एकेक अवयव नवा होत जातो आणि देह तोच राहतो. मात्र त्यासाठी दरवर्षी कोणीतरी शिडी लावून वर चढले पाहिजे आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्या शिडीची तरतूद पाहिजे. लालबागेला सरकारी उद्यानखाते आणि कॅमेरॉननंतर क्रुंबिगल, जवरय्या, मरिगौडा यांसारखे अधिकारी लाभले. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांमुळे लाखो लोकांची नजर त्या वास्तूवर पडत राहिली. ज्या वास्तूकडे लोकांचे लक्ष असते, तिच्याकडे खात्याला दुर्लक्ष करता येत नाही.

दुसरे उद्यान कबन पार्क. १८७० साली म्हैसूरचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी त्याची आखणी केली. १९२७ साली त्याला श्री चामराजेंद्र उद्यान हे अधिकृत नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. राजधानीच्या मध्यावर असल्यामुळे या उद्यानाला वारसदार फार. कोणाला तेथे कचेरी हवी, कोणाला सभागृह, कोणाला वाहनतळ. प्रत्येक मागणी एकटी पाहिली तर लहान आणि बहुधा योग्यही; परंतु त्यांची बेरीज उद्यानाला पुरून उरणारी. म्हणूनच १९७५ साली कर्नाटक सरकारी उद्याने संरक्षण अधिनियम झाला आणि लालबाग व कबन पार्क यांची जमीन दुसऱ्या कामाला देण्यावर निर्बंध आले. १९८५ साली उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांच्या रक्षणासाठी आणखी एक अधिनियम आला. कायद्याने जमीन अढळ झाली असे नव्हे. १९९८ साली कबन पार्कचा काही भाग संरक्षणातून वगळण्याचे घाटले, तेव्हा नागरिकांना रस्त्यावर यावे लागले. मेट्रोसाठी लालबागेच्या कडेची जागा घ्यावयाची झाली, तेव्हाही तिच्यावरचे संरक्षण आधी काढावे लागले. परंतु कायद्याचा उपयोग तोच. जमीन घेणाऱ्याला ती उघडपणे, सर्वांच्या देखत घ्यावी लागते.

तलावांना असे कवच मिळाले नाही. १८९० नंतरच्या दशकात हेसरघट्ट्याहून नळाने पाणी आले आणि नगराला तलावाची निकड उरली नाही. निकड गेली की निगा जाते. गाळ साचला, बांध खचले, पाणी आटले. मग ती ‘पडीक जागा’ ठरली. संपंगी तलावाचे उदाहरण बोलके आहे. काठच्या मळेवाल्यांना त्यात पाणी हवे होते, पोलो खेळणाऱ्यांना कोरडी जमीन हवी होती. अखेर पाणी हटले आणि त्या जागी कंठीरव क्रीडागार उभे राहिले. अक्कितिम्मनहळ्ळी तलावाच्या जागी हॉकीचे मैदान झाले. धर्मांबुधी तलावाच्या तळावर आज शहराचे मध्यवर्ती बसस्थानक आहे.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. क्रीडागार हीदेखील लोकांच्या करमणुकीचीच सोय. एका सार्वजनिक सुखाची जागा दुसऱ्याने घेतली, जमीन सार्वजनिकच राहिली. बसस्थानकाविषयीही लोकोपयोगाचा दावा करता येईल. परंतु तलाव सर्वांचा होता, तिकिटावाचूनचा होता, आणि शिवाय तो पावसाचे पाणी पोटात घेत होता. ते पाणी आज रस्त्यांवर शिरते. बदललेल्या सोयीचा हिशेब करताना जुनी सोय आणखी कोणकोणती कामे निमूटपणे करीत होती, हे लिहून ठेवण्याची पद्धत प्रशासनात क्वचितच आढळते.

संपंगीचा एक लहानसा चौकोनी अवशेष मात्र क्रीडागाराजवळ अजून राखलेला आहे, आणि तो कोणत्याही खात्यामुळे राहिलेला नाही. चैत्रात धर्मरायस्वामींच्या देवळाचा करग उत्सव होतो. तो करणारा तिगळ समाज परंपरेने माळीकाम करणारा. उत्सवाचा विधी त्या पाण्यावाचून पुरा होत नाही, म्हणून तेवढे पाणी राहिले. ज्या जागेशी लोकांचे नित्याचे किंवा नैमित्तिक नाते असते, ती जागा पुसून टाकणे कठीण जाते.

कंठीरव क्रीडागाराचाही पुढे काळ लोटला. १९९७ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा बंगळुरात भरल्या, त्यावेळी त्याचे रूप पालटले. कृत्रिम धावपट्टीचे आयुष्य मोजके असते. ती काही वर्षांनी उखडून पुन्हा घालावीच लागते. त्यातच फुटबॉलचे सामने आणि धावपटूंचा सराव एकाच मैदानावर आले, तेव्हा मैदान कोणाचे हा वाद उठला. स्पर्धेच्या निमित्ताने पैसा एकदम येतो, उद्घाटन थाटात होते, आणि पुढील दहा वर्षांच्या झाडलोटीची, दुरुस्तीची तरतूद कोणाच्या नावे करावयाची हे बहुधा मोघम राहते. सार्वजनिक क्रीडागारे वयाने जितकी थकतात, त्याहून अधिक या मोघमपणाने थकतात.

जुने बदलूच नये असा याचा अर्थ नाही. पुण्याचे उदाहरण घ्यावे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्कमध्ये १९५३ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले. कित्येक पिढ्यांनी वाघ-सिंह प्रथम पाहिले ते तेथे. परंतु भोवती शहर दाटले, पिंजरे अपुरे पडले. ती सोय दुरुस्त करण्याजोगी राहिली नव्हती, कारण दोष वास्तूचा नसून जागेच्या तोकडेपणाचा होता. तेव्हा कात्रजला विस्तीर्ण प्राणिउद्यान झाले, २००५ पर्यंत प्राणी तेथे हलविले गेले, आणि जुन्या जागेवर इमारती न उठता ऊर्जेची माहिती देणारे मुलांचे उद्यान झाले. सोय बदलली, जागेचा धर्म बदलला नाही.

एवढ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. वास्तू थकते तेव्हा खरा धोका तिच्या छपराला नसतो, तिच्याखालच्या जमिनीला असतो. छप्पर पैशाने परत येते. शहराच्या मध्यावर गेलेली दहा एकर मोकळी जमीन कोणत्याही पैशाने परत येत नाही. ‘जीर्ण’ हा शब्द कागदावर आला की त्या जागेचे मोल करणारे जागे होतात. म्हणून दुरुस्ती की नवी बांधणी हा प्रश्न अभियंत्याकडे जाण्यापूर्वी एक निर्णय आधी व्हावयास हवा: काहीही बांधले तरी जागा सर्वांसाठी, याच कामासाठी राहील. तो झाला म्हणजे मग जे भागाभागाने नवे करता येते ते काचगृहाप्रमाणे जपावे, आणि जे मुळातच अपुरे ठरले ते पेशवे पार्काप्रमाणे हलवावे.

१९५१ साली बंगळूरची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. २०११ साली महापालिकेच्या हद्दीत ती ८४ लाखांवर गेली. लालबाग आणि कबन पार्क मात्र त्याच ठिकाणी. वाढलेले लोक शहराच्या कडेला राहतात, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी ही त्या कडेची एक प्रमुख वस्ती. तिची व्यवस्था १९९७ साली उद्योजकांच्या संघाकडे आली आणि २०१३ साली वसाहतीला स्वतःचे नगर-प्राधिकरण मिळाले. कंपन्यांच्या आवारात हिरवळी आहेत, खेळाची मैदाने आहेत. परंतु त्यांच्या फाटकाशी ओळखपत्र दाखवावे लागते. भोवतालच्या खेड्यांतील मुले, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार, त्या मंडळींची घरे झाडणाऱ्या बाया यांना ते फाटक उघडत नाही. केंपेगौडाच्या रीतीचे काही जुने तलाव तेवढे जवळपास उरले आहेत. त्यांतील हेब्बगोडीचा तलाव एका उद्योगसमूहाच्या पुढाकाराने पुन्हा स्वच्छ झाला. हेच तलाव त्या नव्या नगराची लालबाग होऊ शकतात. त्यांना हवी ती कायद्याची सीमा आणि दरवर्षीची शिडी.

२०२५ साली हेब्बाळपासून सिल्क बोर्डापर्यंत शहराखालून भुयारी रस्ता नेण्याच्या योजनेत लालबागेची काही जमीन लागेल, असे समजताच पुन्हा विरोध उठला. सिल्क बोर्डाचा तो चौक इलेक्ट्रॉनिक सिटीच्या वाटेवरचाच. नव्या नगराला लवकर पोहोचता यावे म्हणून जुन्या बागेकडे पाहिले जाते. आणि त्याच नव्या नगरातील माणूस रविवारी सकाळी मेट्रोने निघतो, राष्ट्रीय विद्यालय रस्त्याच्या स्थानकावर गाडी बदलतो आणि लालबागेत येऊन बसतो. अडीचशे वर्षांपूर्वी लावलेली बाग त्याला अजून पुरते. त्याच्या मुलांना पुरेल अशी जागा त्याच्या घराजवळ आज कोणी राखून ठेवते आहे काय, याचे उत्तर पुढील काळ त्याच्याच पिढीकडे मागेल.