सिझेरियननंतरची प्रसूती

आधीचे बाळंतपण सिझेरियनने झालेल्या स्त्रीने पुढच्या खेपेला नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न करावा की पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी, हा प्रसूतिशास्त्रातील एक महत्त्वाचा निर्णय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, त्यामुळे तो आता घरोघरी घ्यावा लागतो.

‘एकदा सिझर, की कायम सिझर’ हे सूत्र न्यूयॉर्कचे एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये मांडले. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत आणि कळांनी तो उसवण्याची भीती खरी होती. पुढे गर्भाशयाच्या खालच्या भागातील आडवा छेद रूढ झाला. अशा व्रणावर कळा आल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो. उभ्या छेदानंतर तो कितीतरी जास्त असल्याने तेथे नॉर्मलचा प्रयत्न करत नाहीत.

पोटावरच्या टाक्यांवरून आतला छेद ओळखता येत नाही. तो डिस्चार्ज कार्डावरूनच कळतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, फाइल तिथल्याच कपाटात राहते आणि दुसऱ्या वेळी सासरच्या गावातील डॉक्टरांना ती पाहायला मिळत नाही. ती लवकर मागवून घ्यावी. मागच्या सिझेरियनचे कारणही तिच्यात असते. बाळ पायाळू होते म्हणून शस्त्रक्रिया झाली असेल, तर या वेळी आशा अधिक. कळा देऊनही बाळ खाली सरकले नसेल, तर कमी.

प्रयत्न करणाऱ्या चौघींपैकी सुमारे तिघी नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादी नॉर्मल प्रसूती झाली असेल तर त्याहून अधिक. प्रयत्न फसल्यास मात्र ऐन कळांत सिझेरियन करावे लागते आणि ते ठरवून केलेल्यापेक्षा जोखमीचे असते. कळा औषधाने सुरू केल्यास व्रण फाटण्याचा धोका वाढतो.

ठरवून केलेले सिझेरियन सहसा ३९ व्या आठवड्यात करतात. त्याने हा धोका जवळजवळ टळतो, पण पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता दर शस्त्रक्रियेगणिक वाढते. म्हणून आणखी मुले हवी आहेत का, हे आधी विचारायला हवे.

व्रण फाटू लागल्याची पहिली खूण बहुधा बाळाच्या ठोक्यांत दिसते. तेव्हा हाताशी काही मिनिटेच असतात. रात्री भूलतज्ज्ञांना घरून बोलवावे लागते किंवा रक्त दुसऱ्या गावाहून आणावे लागते, अशा ठिकाणी व्रण कितीही चांगला असला तरी हा प्रयत्न करू नये.