सॉलिटेअर आणि क्लासची सबब

आजचा भाग सॉलिटेअरवर आहे. हो, तेच, हिरव्या पटावरचे पत्ते. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कुठून आलं, असं वाटेल. पण शहापूर-मुरबाडकडच्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, पहिल्यांदा माउस धरून काय केलं होतं ते.

हा खेळ लिहिला वेस चेरीनं, मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न असताना. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर तो जगभर गेला. पत्त्यांची चित्रं सुझन केअरची, जिनं ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी चिन्हं काढली होती. चेरीला रॉयल्टी काही मिळाली नाही. साहेब आले की एक बटण दाबून खेळ लपवायचा, अशी सोयही त्यानं केली होती. कंपनीनं ती काढायला लावली. म्हणजे कामचुकारपणा जन्मापासूनच सोबत होता! तेव्हा बऱ्याच लोकांना फक्त कीबोर्डची सवय होती. पत्ता धरा, ओढा, सोडा, या खेळात माउसवर हात आपोआप बसायचा.

आमच्याकडे हे सगळं उशिरा आलं. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झालं. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर तालुक्याच्या गावांत क्लास निघाले. मुरबाडला रेल्वे नाही, शहापूरला आसनगाव स्टेशनवर उतरून यावं लागतं; त्यामुळे गावाकडची पोरं एसटीनं नाहीतर जीपला लटकून यायची.

आणि पोरी? त्यांची गोष्ट जरा वेगळी. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, तिथलं पाणी मुंबईला जातं. आमच्या पाड्यावर मात्र मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं हंडा भरायचा. ते काम बाईमाणसाचं. राबासाठी फांद्या तोडायला भाऊ जायचा, नाही असं नाही. पण ते झालं की तो पारावर बसला तरी त्याला कुणी हटकायचं नाही. मी नुसती बसलेली दिसले की आई म्हणायची, "हात रिकामे का गं?"

त्यामुळे "क्लासला जाते" हे वाक्य सोन्याचं होतं. त्यापुढे घरात कुणाचं काही चालायचं नाही, कारण फी भरलेली असायची. प्रॅक्टिकलच्या तासाला अर्जाचा नमुना टाइप करून झाला, सर बाहेर गेले, की सात रांगा मांडायच्या. मला माइनस्वीपर कधी आवडला नाही, उगाच धडधड. सॉलिटेअरमध्ये कुणी ओरडत नाही, कुणाची पाळी येत नाही. डाव जिंकला की पत्ते उड्या मारत खाली यायचे, तेव्हा शेजारच्या मुलीही हातातलं टायपिंग सोडून बघायच्या. बऱ्याचदा तेवढ्यात लोडशेडिंग व्हायचं आणि यूपीएस टूंटूं करायला लागायचा.

त्या दोन तासांचं पाणी माझ्या धाकट्या बहिणीनं भरलं, हेही नोंदवायला हवं. पुढच्या वर्षी तिचा क्लास लागला, तेव्हा हंडा परत माझ्याकडे आला. भावाकडे नाही.

२०१२ च्या विंडोज ८ मध्ये हा खेळ आधीपासून घातलेला नव्हता, वेगळा उतरवून घ्यावा लागायचा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली. आता तो फोनवर आहे, म्हणजे घरातच, आईच्या नजरेसमोर. माझी भाची खेळत बसली की तिला ऐकू येतं, "ठेव तो मोबाईल, आधी पाणी आण." क्लासचं नाव सांगावं, तर तोही आता फोनवरच भरतो.