फार्सापासून पुराणापर्यंत : भारतीय ॲनिमेशनपटाची वाटचाल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी नाटक मंडळ्यांमध्ये पौराणिक नाटकानंतर फार्स करण्याची प्रथा रुजली. फार्स म्हणजे समकालीन माणसांच्या खोडी, ढोंग आणि फजिती रंगवणारे छोटे प्रहसन. देव-दानवांचे आख्यान संपले की प्रेक्षक त्याच रंगमंचावर आपल्याच आळीतली माणसे पाहून मनमुराद हसत आणि मग घरी जात. एका खेळात गंभीर आख्यान आणि त्याला जोडून विनोदी पुरवणी, ही रचना पुढे चित्रपटानेही उचलली. भारतात ॲनिमेशन, म्हणजे निर्जीव वस्तूला किंवा रेखाटनाला पडद्यावर चालतेबोलते करण्याची कला, जन्माला आली ती या पुरवणीच्या जागेत, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचा पुढचा प्रवास नीट उमगत नाही.

दादासाहेब फाळके यांनी १९१४ साली ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक मूकपटाला ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट जोडला, तेव्हा त्यांनी नाटकवाल्यांचाच शिरस्ता पाळला. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केलेल्या या कलावंताला कॅमेऱ्यातली जादू आधीच गवसली होती. १९१२ मध्ये कुंडीत पेरलेल्या दाण्यासमोर कॅमेरा रोवून आणि रोज थोडेसेच चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट तयार केला होता. महिनाभराची वाढ त्यात मिनिटाभरात उलगडत असे आणि ती पाहूनच चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाची चणचण असताना, १९१५च्या सुमारास, त्यांनी याच तत्त्वावर ‘आगकाड्यांची मौज’ बनवला. ज्या पद्धतीला आज ‘स्टॉप मोशन’ म्हणतात तिची कृती सांगायला सोपी आणि करायला विलक्षण कष्टाची आहे. काडी तसूभर सरकवायची, हात कॅमेऱ्यासमोरून काढून घ्यायचा, फिल्मची एकच चौकट टिपायची आणि पुन्हा काडीकडे वळायचे. मूकपटाच्या काळातला वेग सेकंदाला १६ चौकटी धरला, तर एका मिनिटाच्या खेळासाठी हे सारे ९६० वेळा करावे लागते. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच काड्यांना पडद्यावर नाचवले होते, त्यामुळे कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. परंतु भारतात ॲनिमेशनचा आरंभ घरातल्या काडेपेटीपासून झाला आणि त्याच्या नावातच ‘मौज’ होती, ही बाब मोलाची आहे. दुर्दैवाने तो चित्रपट आज उपलब्ध नाही.

बोलपट आल्यावरही ही परंपरा काही काळ टिकली. १९३४ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘द पी ब्रदर्स’ हा रेखाचित्रांचा लघुपट काढला आणि त्याच वर्षी, कोल्हापूरहून पुण्याला नुकत्याच स्थिरावलेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबुकाका’ पडद्यावर आणला. जंबुक म्हणजे कोल्हा. त्याला काका म्हणताच पंचतंत्रातला लबाड प्राणी शेजारच्या वाड्यातला बेरकी वडीलधारा होऊन बसतो, आणि फार्साचा स्वभाव या नावातही ओळखू येतो. मात्र बोलपटाला सेकंदाला २४ चौकटी लागत, म्हणजे दहा मिनिटांच्या चित्रपटाला १४,४००. एक रेखाटन दोन चौकटींना पुरवले तरी ७,२०० चित्रे काढणे भाग होते. परदेशी कार्टूनपट तयार मिळत असताना एवढा खर्च पुरवणीवर करणे कोणत्याही कंपनीला परवडण्यासारखे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ही पुरवणीची जागा शासनाकडे गेली. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि मुख्य चित्रपटाआधी शासनमान्य माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक ठरले. १९५६ साली या संस्थेत कार्टून विभाग निघाला. डिस्नेच्या ‘बांबी’वर काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी तिथल्या तरुण चित्रकारांना शिकवले आणि जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डीअर’ १९५७ मध्ये तयार झाला. कलावंतांना स्थिर नोकरी आणि शिस्तबद्ध शिक्षण मिळाले, हा या व्यवस्थेचा फार मोठा लाभ होय. पण शासनाच्या पैशातून निघणाऱ्या चित्रपटाने काहीतरी शिकवलेच पाहिजे, ही अपेक्षा त्याला चिकटली आणि पुरवणीत मौजेऐवजी बोध आला. बोधातही उत्तम कलाकृती घडू शकते, हे विजया मुळे आणि भीमसेन यांच्या ‘एक अनेक और एकता’ने १९७४ साली सिद्ध केले: जाळ्यासकट उडून जाणारी पाखरे आणि ते जाळे कुरतडणारे उंदीर पाहत दूरदर्शनवरची एक पिढी वाढली.

हसू त्या काळातही पुरते लोपले नव्हते. फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले आणि १९६८ मध्ये तेथून बाहेर पडलेले राम मोहन यांनी ते जिवंत ठेवले. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांवरचा ‘यू सेड इट’ त्यांनी १९७२ मध्ये केला. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये आणि ‘पती पत्नी और वो’ या विनोदी चित्रपटात त्यांची चित्रे मूळ कथेच्या मध्येच येऊन खोडी काढून जातात. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) लॉर्ड डलहौसी एकेक संस्थान चेरीच्या फळासारखे तोंडात टाकतो, तो इतिहासाचा अख्खा धडा काही क्षणांच्या प्रहसनात सामावतो. मात्र हा फार्स आता स्वतंत्र खेळ राहिला नव्हता. तो दुसऱ्यांच्या चित्रपटांत पाहुणा म्हणून वावरत होता.

पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाने तर जागाच बदलली. जपानच्या युगो साको यांनी राम मोहन यांच्या साथीने केलेला ‘रामायण’ (१९९२), व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा ‘हनुमान’ (२००५) आणि प्रचंड गर्दी खेचणारा ‘महावतार नरसिंह’ (२०२५) या सर्वांचा विषय पुराणातला आहे. याचे कारण व्यवहारात सापडते: अनेक वर्षांचे काम आणि मोठे भांडवल पणाला लागते, तेव्हा निर्माता प्रत्येक घराला ठाऊक असलेली कथा निवडतो, आणि ती मुलांसोबत आजी-आजोबांनाही चित्रपटगृहात आणते. अशा रीतीने फार्साच्या जागेत जन्मलेली कला शंभर वर्षांत पौराणिक नाटकाच्या आसनावर जाऊन बसली.

हे आसन तिने कष्टाने मिळवले आहे आणि ते तिला शोभतेही. तथापि जुन्या मंडळ्यांचा खेळ पुराणावर संपत नसे, कारण आख्यान ऐकून भारावलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्या जगात परतण्यासाठी हसण्याची वाट लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. विनोदी चित्रपट आणि ॲनिमेशनपट यांची आवड आजच्या रसिकात एकत्र नांदते, ती याच जुन्या नात्यामुळे. आख्यानाची बाजू आता भक्कम झाली आहे. उरलेल्या अर्ध्या खेळासाठी देव, दानव किंवा अवाढव्य भांडवल लागत नाही, आणि फाळक्यांना तर तो स्वयंपाकघरातल्या काडेपेटीत सापडला होता.