कारे-कारे: पातेल्यातला मद्रासचा शिपाई

मनिलाच्या पूर्वेला काइंता नावाचं गाव आहे. रविवारी दुपारी तिथल्या एखाद्या 'तुरो-तुरो'त शिरा. 'तुरो' म्हणजे बोट दाखवणं. काचेमागे पातेली मांडलेली आणि आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर बोट दाखवून मागतंय.

त्यातलंच एक कारे-कारे. बैलाच्या शेपटीचं मांस, वांगी, चवळीच्या शेंगा आणि शेंगदाण्याचा दाट रस्सा. (कशातही कूट घालणाऱ्या आपल्याला हे लगेच पटेल!)

आता नाव परत म्हणून बघा. कारे... करी?

१७६२ मध्ये इंग्रजांनी मद्रासहून जहाजं पाठवून स्पेनच्या हातून मनिला घेतलं. सोबत हिंदुस्थानी शिपाई होते. १७६४ मध्ये इंग्रज परत फिरले, पण काही शिपाई गेलेच नाहीत. काइंताच्या आसपास राहिले, लग्नं केली, संसार थाटले. लढाईच्या गोष्टीत सेनापतींची नावं येतात, या माणसांची नाही. लोक सांगतात, घरच्या करीच्या आठवणीने त्यांनीच हे कालवण रांधलं.

खरं का? सांगोवांगीच. पाम्पांगा प्रांतवाले म्हणतात, पदार्थ आमचा! शेंगदाणा तर दोघांचाही नाही, तो अमेरिका खंडातला. पण शिपाई राहिले, एवढं पक्कं.

आणि हो, ताटात बाजूला कच्च्या पपईचं लोणचं असतं. त्याला तिथे म्हणतात 'आचारा'.